आधी गाळ, मग पावडर

शिमग्याची बोंब थांबते न थांबते तोच कडेगावच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलांत एक चौकशी सुरू होते. "औंदा पवायला कुठली हीर?" वार्षिक परीक्षा अजून व्हायची असते, वहीत गणित चाललेले असते, पण मन मात्र केव्हाच विहिरीच्या कठड्यावर जाऊन उभे राहिलेले असते. कुणी माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढून त्याला कुठे भोक पडले आहे का ते पाहतो. कुणी पंक्चरवाल्याकडे ट्रकची जुनी ट्यूब मिळते का ते विचारून येतो. अशी सगळी तयारी होते. फक्त एका गोष्टीची तयारी कोणी करीत नाही. ती गोष्ट म्हणजे खुद्द विहीर!

थंड हवेच्या देशांत ज्यांच्या घरामागे पोहण्याचा तलाव असतो, ते लोक हिवाळाभर तो झाकून ठेवतात. ऊन तापू लागले की झाकण निघते. पण त्या दिवशी कोणी पाण्यात उतरत नाही. आधी पालापाचोळा काढतात, तळ आणि भिंती घासतात, पाणी गाळणारे यंत्र धुऊन चालू करतात, पाण्याचा सामू तपासतात आणि सर्वांत शेवटी क्लोरीन घालतात. पाणी तपासून योग्य ठरले म्हणजेच मुलांना पोहायची परवानगी मिळते.

आपल्याकडे परसात तलाव नाही, पण मळ्यात विहीर आहे. तिच्यात वर्षभर काय काय पडले ते न पाहता आपण पहिल्याच दिवशी मुटका मारतो. फार तर कुणीतरी वरून ब्लीचिंग पावडरीची मूठ फेकतो आणि म्हणतो, "झालं, औषध टाकलं!" माझे मत असे आहे की, ही मूठ बहुतेक वेळा वाया जाते. पोहण्याची विहीर उन्हाळ्यापूर्वी नीट तयार केली पाहिजे आणि ती क्रमाने केली पाहिजे. आधी गाळ, मग पावडर. हा क्रम का, तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

निवळ पाणी आणि शुद्ध पाणी

विहीर म्हणजे जमिनीतले एक मोठे भांडे. आपल्या भागात वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असतो. पाषाणाच्या भेगांतून झरे येतात, म्हणून ते पाणी थंड आणि निवळ असते. पण भांडे वरून उघडे आहे. पावसाळ्यात कडेची माती वाहून आत येते. लिंबाची, आंब्याची पाने पडतात. पारवे कपारीत घरटी करतात आणि त्यांची विष्ठा पाण्यात पडते. एखादा उंदीर, एखादा सरडाही पडून मरतो. हे सारे हळूहळू तळाशी बसते आणि कुजते. वरचे पाणी काचेसारखे दिसते आणि खाली वीतभर काळा चिखल असतो.

तुम्ही पोहताना अनुभवले असेल की, वरचे दोनतीन फूट पाणी कोमट लागते आणि बुडी मारून खाली गेले की एकदम गार लागते. कोमट पाणी हलके, म्हणून ते वर राहते. गार पाणी जड, म्हणून ते खाली राहते. वारा नसला की हे दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत. खालच्या थरात चिखल कुजताना प्राणवायू संपतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होऊ शकतो. दहा मुलांनी उड्या मारल्या की तळ ढवळला जातो आणि तोच चिखल तुमच्या नाकातोंडात, कानांत आणि डोळ्यांत जातो. कान फुटणे, डोळे येणे, जुलाब ही उन्हाळी दुखणी आपण "ऊन बाधलं" म्हणून सोडून देतो. त्यांतली पुष्कळशी पाण्यातून आलेली असतात.

पावडर जाते कुठे?

आता त्या मूठभर पावडरीचे काय होते ते पाहू. ब्लीचिंग पावडर म्हणजे चुना आणि क्लोरीन यांचे संयुग. ती पाण्यात विरघळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. जंतू मारण्याचे खरे काम हेच आम्ल करते. परंतु ते जंतूंना शोधत हिंडत नाही. जे पहिले भेटेल त्याच्यावर ते तुटून पडते. कुजलेले पान, शेवाळ, चिखल, घाम, लघवी यांतल्या प्रत्येकावर क्लोरीन खर्च होतो. या सर्वांची भूक भागल्यावर जो क्लोरीन शिल्लक उरतो, तोच पाण्याचे रक्षण करतो. चांगल्या तलावांत हा शिल्लक क्लोरीन दर लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम ठेवतात.

म्हणजे, मित्रहो, गाळ न काढता पावडर टाकणे म्हणजे भुकेल्या गुरांच्या दावणीत मूठभर दाणे टाकून चिमण्यांसाठी काही उरेल अशी आशा धरण्यासारखे आहे.

एक गैरसमजही येथेच दूर करू. औषधाचा उग्र वास आला की लोक म्हणतात, पाणी अगदी शुद्ध झाले. तलावाचा तो डोळे चुरचुरवणारा वास बहुधा नुसत्या क्लोरीनचा नसतो. क्लोरीन आणि घाम-लघवीतली नत्रयुक्त द्रव्ये यांच्या संयोगाने क्लोरामाइन नावाची संयुगे होतात, त्यांचा तो वास असतो. म्हणजे जितका वास अधिक, तितकी पोहणारांनी घाण अधिक केलेली! पाण्यात उतरण्यापूर्वी बाहेर साबण लावून अंघोळ करावी असा नियम असतो, तो यासाठीच.

आणखी एक गोष्ट सामूची. पाण्याचा सामू ७.५ असताना क्लोरीनचा निम्मा भाग हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. सामू जसजसा वाढेल तसतसा हा भाग घटत जातो. पाषाणातून आलेले आपले जड पाणी पुष्कळदा अल्कधर्मी असते. म्हणून तेवढ्याच पावडरीत तेवढेच काम होईल असे गृहीत धरता येत नाही. पाणी तपासावेच लागते.

हिशेब तुम्ही करा

मोठी माणसे "अंदाजे" पावडर टाकतात. तुम्ही शाळेत वृत्तचितीचे घनफळ शिकता, ते कशासाठी? समजा, विहिरीचा व्यास ६ मीटर आहे. त्रिज्या झाली ३ मीटर. ३.१४ × ३ × ३ म्हणजे तळाचे क्षेत्रफळ सुमारे २८.३ चौरस मीटर. पाणी ३ मीटर खोल असेल तर घनफळ सुमारे ८५ घनमीटर, म्हणजेच ८५,००० लिटर. आरोग्य खात्याच्या कामात १,००० लिटर स्वच्छ पाण्याला २.५ ग्रॅम चांगली पावडर असे प्रमाण धरतात. ८५ गुणिले २.५ म्हणजे सुमारे २१२ ग्रॅम. हे प्रमाण पिण्याच्या स्वच्छ पाण्याचे आहे. जिथे दहावीस मुले पोहतात तिथे ते कमीत कमी समजावे आणि शिल्लक क्लोरीन तपासून वाढवावे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ही तपासणी करता येते. पाण्यात औषधाचे थेंब टाकून तो रंग पाहतो. त्याच्याजवळ उभे राहून एकदा जरूर पाहा.

ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतो. पण पोते उघडे राहिले, ओल किंवा ऊन लागले, की तो उडून जातो. दोन वर्षे कोपऱ्यात पडलेले पोते म्हणजे बव्हंशी चुनाच!

पावडर कोरडी फेकायची नसते. आधी थोड्या पाण्यात तिचा लगदा करतात, मग बादलीभर पाणी घालून ढवळतात आणि चुना खाली बसू देतात. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती बादली दोराने विहिरीत सोडतात आणि खालीवर, चहूकडे हलवतात. चुन्याचा साका विहिरीत टाकत नाहीत. हे काम संध्याकाळी करावे, कारण कडक उन्हात क्लोरीन लवकर नष्ट होतो. आणि हे काम मोठ्यांचे आहे. तुम्ही हिशेब करा. पावडरीला हात लावू नका.

गाळाचाही हिशेब पाहा. याच विहिरीत एक फूट गाळ असेल तर तो भरतो जवळजवळ साडेआठ घनमीटर, म्हणजे सुमारे तीन ब्रास. तीन ब्रास चिखलावर दोनशे ग्रॅम पावडर! आता ती मूठ वाया का जाते, हे वेगळे सांगायला नको.

चालते पाणी

तुम्ही म्हणाल, "आमचे आजोबा तर अशाच विहिरीत पोहले. त्यांना काही झाले नाही." त्या काळीही माणसे आजारी पडत, हे पहिले उत्तर. परंतु आजोबांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे. त्या काळी विहिरीचे पाणी चालते होते.

साताऱ्याजवळ लिंब या गावी बारा मोटांची विहीर आहे. १७१९ ते १७२४ या काळात ती बांधली गेली. जवळजवळ ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद अशी ही विहीर पाहायला लोक आजही जातात. एका वेळी बारा मोटा चालाव्यात एवढी तिची मांडणी आहे. लहान विहिरीवरही एकदोन मोटा पहाटेपासून चालत. थारोळ्यातून पाणी पाटाला लागे आणि झऱ्यांतून ताजे पाणी आत येई. पाणी रोज थोडेथोडे बदलत असे. दर उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की गाळ काढण्याचे कामही ठरलेले असे.

आज कडेगाव तालुक्यात टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी वर आणले आहे. ही फार मोठी सोय झाली. पण कालव्याला पाणी असले की पुष्कळ विहिरींवरची मोटार आठवडेच्या आठवडे बंद असते. पाणी भरपूर आणि ते जागच्या जागी! पोहण्याच्या तलावात साऱ्या पाण्याने सहा तासांच्या आत एकदा गाळणीतून जावे, असे मानतात. आपल्या विहिरीला गाळणी नाही, पण मोटार आहे. उपसलेले पाणी उसाला किंवा भाजीला द्यावे, म्हणजे थेंबही वाया जात नाही. मुले पोहणार त्या विहिरीची मोटार रोज काही तास चालवणे, हाच आपला स्वस्त उपाय. मात्र क्लोरीन टाकल्यावर तो दिवस सोडून मग उपसा करावा.

प्यायची वेगळी, पोहायची वेगळी

येथे मला नारू रोगाची आठवण द्यावीशी वाटते. तुमच्यापैकी कोणी तो पाहिला नसेल, ही आपल्या देशाची मोठी कमाई आहे. नारूचा हातभर लांब कृमी माणसाच्या पायातून बाहेर पडे. असा माणूस पायविहिरीत उतरला की कृमी हजारो पिल्ले पाण्यात सोडी. ती सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जलजीवाच्या पोटात जात आणि ते पाणी पिणाराला पुढे वर्षभराने नारू होई. या रोगावर औषध नव्हते, लसही नव्हती. १९८३ साली देशभर मोहीम सुरू झाली; त्या वेळी महाराष्ट्रातही हा रोग होता. पाणी कापडाने गाळणे, विहिरीत औषध टाकणे आणि पायविहिरींत उतरण्याची वाट बंद करणे अशा साध्या उपायांनी तो हटला. शेवटचा रोगी १९९६ साली आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला.

यातला धडा पोहणारांनी विसरू नये. ज्या पाण्यात माणूस उतरतो ते पाणी पिऊ नये आणि पिण्याच्या पाण्यात कोणी उतरू नये. गावाने किंवा वस्तीने पोहण्यासाठी एकच विहीर ठरवावी. क्लोरीनने मासे आणि बेडकांची पिल्ले मरतात, म्हणून त्यांना आधी जाळ्याने काढून दुसऱ्या विहिरीत सोडावे. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात. इतर विहिरींत ते असू द्यावेत, तिथे पावडर नको.

पाणी डोळ्यांना फसवते

तयारी म्हणजे नुसती सफाई नव्हे. जीव राखण्याची तयारीही तेवढीच हवी. प्रकाशाचे वक्रीभवन तुम्ही शिकला आहात. सरळ वरून पाहिले तर पाण्याचा तळ खऱ्या खोलीच्या पाऊण अंतरावरच दिसतो. चार फूट दिसणारे पाणी सव्वापाच फुटांहून अधिक असते. छातीइतके वाटलेले पाणी डोक्यावरून जाते, ते असे! तिरपे पाहिले तर फसगत आणखी मोठी. म्हणून विहिरीच्या भिंतीवर रंगाने फुटांच्या खुणा कराव्यात आणि दगड बांधलेल्या दोरीने खोली मोजून कठड्यावर लिहून ठेवावी.

उन्हाळा वाढतो तसे पाणी खाली जाते. उडीची उंची वाढते आणि पाण्याची खोली घटते. पाच मीटरवरून मारलेली उडी पाण्याला ताशी सुमारे ३६ किलोमीटर वेगाने भिडते, दहा मीटरवरून ५० किलोमीटरने. गाळात दडलेला दगड त्या वेळी काय करील, याची कल्पना करा. गाळ काढण्याचे हे दुसरे कारण.

गाठी मारलेला मजबूत दोर, हवा भरलेली ट्यूब आणि लांब बांबू विहिरीवर कायम हवा. पोहताना मोटारीची वीज मुख्य बटणावरच बंद असावी. कोणी बुडू लागला तर आरडाओरड करून मोठ्यांना बोलवा, दोर किंवा ट्यूब फेका; स्वतः उडी टाकू नका. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे धरून पोटातले पाणी काढत बसू नये. त्याला हवा लागते ती श्वासाची. तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे हे आरोग्य केंद्रात शिकून घ्यावे.

गाळ काढायला तुम्ही मुळीच उतरू नका. जुन्या, खोल विहिरीच्या तळाशी कार्बन डाय ऑक्साइड साठतो, विषारी वायूही असू शकतो. आत डिझेल इंजिन चालवले तर कार्बन मोनॉक्साइड होतो. पूर्वी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर हवा वाईट, हे खरे. परंतु तो जळत राहिला म्हणून विषारी वायू नाही असे ठरत नाही. हे काम यारी असलेल्या, अनुभवी माणसांचे आहे.

विहीर बुजवावी का?

काही वडीलधारी माणसे म्हणतात, एवढी कटकट कशाला? पोहणेच बंद करा. त्यांची भीती मला समजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. पण बंदीने मुले पाण्यापासून दूर राहत नाहीत. ती कालव्यावर जातात, नाही तर शेततळ्यावर. शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणारालाही काठ चढता येत नाही. पायऱ्या, दोर आणि लक्ष ठेवणारा मोठा माणूस असलेली एक स्वच्छ विहीर, हीच गावातल्या मुलांची खरी राखण. तिथे पोहायला शिकलेले मूल पुढे पुराच्या पाण्यातही स्वतःला सावरील.

खर्चाचे म्हणाल तर गाळ शेतात टाकला की जमीन सुधारते. तलावांतला गाळ शेतात नेण्याची सरकारी योजनाच महाराष्ट्रात २०१७ पासून आहे. दोन दिवसांची यारी आणि थोडी पावडर, एवढा खर्च वस्तीवरच्या पाचसहा घरांत वाटला तर डोईजड होत नाही.

तेव्हा मित्रहो, पाडव्याच्या आधी एका रविवारी एवढे करा. टेप आणि दगड बांधलेली दोरी घ्या. बरोबर घरातले एक मोठे माणूस घ्या. विहिरीचा व्यास, पाण्याची खोली आणि गाळाची जाडी मोजा. घनफळ काढा, गाळ किती ब्रास ते काढा, पावडर किती ग्रॅम ते काढा. मग तो कागद आजोबांच्या हातात द्या आणि म्हणा, "आबा, आधी गाळ काढायचा, मग पावडर." आबा कदाचित हसतील. पण तुमच्या कागदावरचा आकडा खोडून काढणे त्यांनाही जमणार नाही. आणि मे महिन्यात तुम्ही कठड्यावरून मुटका माराल, तेव्हा खाली काय आहे हे तुम्हांला पक्के ठाऊक असेल.